पाच वर्षांनंतरचा फोटोही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला कुणी ना कुणी वजन उतरवलेलं असतं. डावीकडे जाड फोटो, उजवीकडे बारीक फोटो, मधे बाण आणि खाली 'सहा महिन्यांत अमुक किलो'. ते पान मी नेमाने वाचते. वाचून झालं की दर वेळी मनात येतं, या बाईंचं पुढे काय झालं असेल? ज्यांचे फोटो छापले त्यांच्या घरी दोन-तीन वर्षांनी परत जाऊन आलेला तुमचा बातमीदार काही मला आजवर दिसला नाही.

असं मनात यायला कारण माझा धंदा. नारायण पेठेत माझं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायचं दुकान आहे. दुकानाची तिशी उलटली. आमच्याकडे मापाची वही असते. गिऱ्हाइकाच्या नावाला एक पान: उंची, छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. नवं माप घेतलं की मी जुनं खोडत नाही, शेजारी तारीख घालून नवा रकाना काढते. त्यामुळे काही पानांवर एकेका बाईची वीस-वीस वर्षांची कंबर आहे. वजनकाट्याला वर्षानुवर्षं चुकवता येतं. टेपला नाही चुकवता येत. घरात कार्य निघालं की यावंच लागतं.

आणि बहुतेक पानं एकाच चालीची आहेत. लग्न-मुंज ठरली की कंबर दोन-अडीच इंच उतरते, वर्ष-दीड वर्षात परत येते, पुष्कळदा वर अर्धा इंच घेऊन. बायका कापड देऊन जातात आणि बजावतात, "आत्ताच माप घेऊ नका हं, मी अजून उतरणार आहे." मी बरं म्हणते आणि आत दीड इंच माया ठेवते. पुढच्या दिवाळीच्या सुमारास तोच ब्लाउज उसवून द्यायला येतो. माझा धंदा होतो, माझी तक्रार नाही. पण सांगायचं हे की, कधीच उतरवता आलं नाही अशी बाई माझ्या वहीत विरळा. उतरलेलं चार-पाच वर्षं टिकवलंय अशा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. अवघड काम ते आहे, आणि आपल्या पुरवणीत त्याबद्दल फार थोडं येतं.

त्या बोटांवरच्या मोजक्यांत मीही आहे, म्हणून लिहायचं धाडस करते. माझी उंची पाच फूट एक इंच. पन्नाशीच्या सुमारास वजन ७६ किलोवर गेलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली तर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या आहात. पुढच्या दीडेक वर्षात मी ६५ च्या आसपास आले आणि गेली सातेक वर्षं तिथेच आहे. तक्त्याप्रमाणे मी आजही जाडच. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. माझा २७ भरतो. तुमच्या उजवीकडच्या फोटोत मी काही शोभणार नाही. पण साखर खाली आली ती एवढ्यावरच.

एवढंसं उतरून काय होतंय, असं मला तेव्हा जावेनेही विचारलं होतं. माझी भाची आहारशास्त्र शिकलेली. तिने मला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे कागद वाचून दाखवले. २००२ सालचा, तीन हजारांवर माणसांचा, सगळी माझ्यासारखी उंबरठ्यावरची. एका गटाला सांगितलं, वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला वगैरे. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या, तिसऱ्याला नुसतीच दिसायला गोळी, आत औषध नाही. जवळजवळ तीन वर्षांनी पाहिलं, तर तिसऱ्या गटाच्या मानाने गोळ्यावाल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आणि सवयी बदलणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी कमी. मी तिथल्या तिथे ७६ चे ७ टक्के काढले: सव्वापाच किलो. हा आकडा मला झेपण्यातला वाटला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच अभ्यास केला, तो २००६ साली आला. तिथे तर वजन फारसं न उतरताही, चालण्या-खाण्याच्या सवयी सुधारल्याने मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. तुमच्या बाणाखालच्या 'अमुक किलो'त हे कुठेच बसत नाही.

फोटो छापायचाच तर एक सुचवते, आणि तो पुण्याचा आहे. आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघेही ठणठणीत, पण आपल्या माणसाच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. भाचीने हा फोटो दाखवला तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण हे मी टेपवर रोज बघते. कित्येक पानांवर बाहीचा घेर अकरा इंच, तो वीस वर्षांत हललेला नाही. कंबर मात्र एकोणतीसवरून चौतीस. हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे. आपल्याकडे ही ठेवण इतकी नेहमीची आहे की तिला कुणी जाड म्हणतच नाही.

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगून ठेवते. डॉक्टर सांगतात की बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी आणि पुरुषाची ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत. माझ्याकडच्या बायका लगेच ब्लाउजचं माप आठवून खूश होतात. ब्लाउजची कंबर आम्ही ब्लाउज जिथे संपतो तिथे घेतो, छातीखाली. डॉक्टरांची कंबर त्याच्या खाली असते: बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं वरचं हाड हाताने चाचपायचं आणि त्यांच्या बरोबर मधे टेप धरायची. श्वास सोडून. पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज पुढे कसे तटतटतात ते मला विचारा.

झटपट उतरवणाऱ्यांबद्दल वहीत आणखी एक दिसतं. त्यांच्या दंडाचा घेर आधी सुकतो, आणि वजन परत येतं तेव्हा कंबर आधी भरते. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही, माझ्या पानांवर दिसतं ते सांगते.

परत का येतं? याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'जिभेवर ताबा नाही'. सासवा-नणंदांपासून ते दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळे हेच सुनावतात. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ जणांना केव्हिन हॉल या संशोधकाने स्पर्धेनंतर सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या माणसांचं ४१ किलो परत आलं होतं. आणि त्यांच्या वजन-वयाच्या माणसाचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्याहून त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. सहा वर्षांनंतरही! ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेलीच राहतात. म्हणजे बारीक झालेल्या बाईला शेजारच्या मूळच्याच बारीक बाईपेक्षा जास्त भूक लागते आणि खाल्लेलं कमी खर्च होतं. तिला जिभेवरून बोलणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

तरीही टिकवणारे टिकवतात, ते कसं? १९९४ पासून अमेरिकेत अशा माणसांची नोंदवही ठेवलेली आहे. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलंय, त्यांनाच तिच्यात नाव घालता येतं. दहा हजारांवर नावं झाली. त्यांच्यातले ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि तो बहुतेकांचा चालण्याचा. ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. ७८ टक्के रोज न्याहारी करतात. ६२ टक्के आठवड्याला दहा तासांहून कमी टीव्ही बघतात. आपणहून नाव नोंदवलेली माणसं ही, तेव्हा सगळ्या जगाला ते लागू होईल असं नव्हे. पण माझ्या वहीतल्या त्या मोजक्या बायकांना मी खोदून खोदून विचारलंय आणि उत्तरं अशीच कंटाळवाणी आली. चमत्कारी चूर्ण नाही, मधाचं पाणी नाही. एक जण रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते, पाऊस असो वा थंडी. दुसरी गेली काही वर्षं संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघराचा दिवाच लावत नाही.

आता माझ्या दुकानात काय बदललं ते सांगते, कारण 'जीवनशैली बदला' हे तुमच्या पुरवणीतलं वाक्य वाचून मला तर काहीच करता आलं नसतं.

पूर्वी माझ्याकडे पायमशीन होतं. दिवसभर पाय हलायचे. मग मोटर बसवली, काम दुपटीने उरकायला लागलं आणि पाय थंड पडले. मोटर काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी इस्त्रीचं टेबल पोटमाळ्यावर नेलं. प्रत्येक ब्लाउज इस्त्रीला वर न्यायचा आणि खाली आणायचा. हाताखालच्या पोरी आठवडाभर धुसफुसल्या, मग जिन्याला सरावल्या. कटिंग मी आता उभ्यानेच करते. बाकरवडीची बरणी कटिंगच्या टेबलावर असायची, कात्री ठेवली की हात आपोआप तिच्यात जायचा. ती बरणी मी वर इस्त्रीशेजारी ठेवली. बंद काहीच केलेलं नाही. खायची तर काम ठेवून, जिना चढून वर जाऊन खायची. खाणं हाताच्या टप्प्यातून हलवायचं, खायची जागा एकच ठरवायची, हे म्हणे वर्तनोपचारात रिचर्ड स्टुअर्ट यांनी १९६७ सालीच लिहून ठेवलंय. भाचीने सांगितलं तेव्हा टेबल हलवून झालं होतं.

गिऱ्हाईक पेढे घेऊन येतं, मुलीचं जमलं म्हणून. नको म्हटलं तर तिचं तोंड उतरतं. मी तिच्यासमोर अर्धा खाते आणि उरलेला शेवंतीची वेणी घालून आलेल्या पोरीच्या हातावर ठेवते. ती अठराची आहे, तिला पचतो. पाच वाजता पोरींचे सामोसे येतात तेव्हा मी फुटाणे आणि ताक घेते. दुपारी आधी कोशिंबीर आणि मटकीची नाहीतर मुगाची उसळ, मग पोळी. खाण्याचं माझं एवढंच.

तेलाचं मात्र थोडं सविस्तर सांगते. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये घराघरांत महिन्याचं तेल १० टक्के कमी करा म्हणून सांगितलं. चांगलंच सांगितलं, पण १० टक्के मोजायचे कसे? आम्ही पळीने ओततो. माझ्याकडे पाच लिटरचा डबा येतो. डबा फोडला त्या दिवसाची तारीख मी त्याच्यावर कापडावर खूण करायच्या पेन्सिलीने लिहिते. पूर्वी डबा तीस दिवस पुरत होता, तर आता तेहेतीस दिवस पुरला पाहिजे. झाले जवळजवळ १० टक्के. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पोळीतल्या पिठाच्या ग्रॅमला ४ च्या आतबाहेर. त्यामुळे पोळी कमी करण्याआधी पळी लहान करावी असं माझं मत आहे, आणि पळी खरोखरच लहान आणली.

चालायला मी सकाळी नदीपलीकडे जाते. भिडे पुलावरून डेक्कन, तिथून जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथने संभाजी बागेपर्यंत आणि परत. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, तर झेड ब्रिजवरून. धो-धो पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. हे आधीच ठरलेलं असतं, सकाळी उठून विचार करायचा नाही. विचार करायला बसलं की चहा होतो, आणि चहाबरोबर खारी. 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं आधी ठरवून ठेवलेल्या माणसाच्या हातून ते काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलं. आपल्याकडे जर-तरची भाषा फक्त सबबींसाठी वापरतात.

सगळ्यांत उपयोगी पडला तो काटा. २००६ साली अमेरिकेत ३१४ माणसांवर एक प्रयोग झाला. आधीच दहा टक्के तरी वजन उतरवलेली ही माणसं. त्यांना उतरवायला नाही, फक्त टिकवायला शिकवलं. रोज वजन करायचं. ठरल्या वजनाच्या वर साधारण सव्वा किलोपर्यंत हिरवं, त्याच्या पुढे पिवळं, सव्वादोनच्या पुढे लाल. पिवळ्यात गेलं की लगेच हातपाय हलवायचे, लालमध्ये गेलं की मदत मागायची. दीड वर्षाने पाहिलं तर ज्यांना नुसती पत्रकं पाठवली त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांचं वजन सव्वादोन किलोहून जास्त परत आलं होतं. समोरासमोर भेटून शिकवलेल्यांत ४६ टक्क्यांचं. म्हणजे शिकवूनही जवळजवळ निम्म्यांचं आलंच. हा आकडा मला दिलासा देणारा वाटतो, कारण खरा वाटतो. मी हीच पद्धत ठेवली आहे. सकाळी दात घासून झाले की काटा. पिवळ्यात गेले की रात्रीचा भात बंद आणि संध्याकाळी लक्ष्मी रोडला अस्तर-बटणं आणायला पोरीला न पाठवता स्वतः चालत जायचं. लालमध्ये गेले की भाचीला फोन. लाल मी पाहिलेला आहे, बहुधा गणपती ते दिवाळी या दिवसांत.

सणांचं आपल्याकडे एक स्वतंत्र गणित असतं. उपासाला साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट, तूप आणि वर दही-साखर; एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. पण उपासापेक्षा घात करतं ते 'आता मोडलंच आहे तर'. दिवाळीत एक अनारसा तोंडात गेला की चार दिवस सगळंच मोकळं. मग 'तुळशीचं लग्न होऊ दे'. मग लग्नसराई. मग संक्रांत, 'तिळगुळाला काय नाही म्हणायचं'. मग 'पाडव्यापासून नक्की', आणि पाडव्याला श्रीखंड, त्याच्यापाठोपाठ आमरस. हा एका अनारशाचा पराक्रम. अ‍ॅलन मार्लॅट हे दारू सोडणाऱ्या माणसांचा अभ्यास करायचे. एका घोटाने माणूस पुन्हा दारूत बुडत नाही, 'आता सगळं संपलं' या विचाराने बुडतो, असं त्यांनी दाखवून दिलं. फराळाचं तेच आहे. अनारसा खावा. पुढचं जेवण नेहमीचं जेवावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं, आकडा आवडो न आवडो.

तुमच्या पुरवणीत '२१ दिवसांत सवय लावा' हे सदरही येऊन गेलं. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी २०१० साली ९६ माणसांवर हे मोजून पाहिलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि कुणाला तर २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. बाविसाव्या दिवशी आपल्यातच काहीतरी खोट आहे असं समजून सोडून देणाऱ्या किती वाचक असतील, कोण जाणे.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं, तेव्हापासून माझ्याकडे ड्रेस आत घ्यायला येणाऱ्यांत 'आठवड्याची सुई' घेणाऱ्याही आहेत. डॉक्टरांनी दिली असेल तर जरूर घ्यावी, मी कोण नको म्हणणारी. पण वेगोवीमधल्याच औषधाचा एक अभ्यास २०२२ साली आला. औषध आणि सोबतचं मार्गदर्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याचं दोन तृतीयांश वजन परत आलं. त्यांच्याही ड्रेसमध्ये मी माया कापून टाकत नाही.

आता तुमच्याकडची तक्रार. त्याच आरोग्याच्या पानाखाली 'व्यायाम नको, पथ्य नको, महिन्यात ८ किलो' अशा जाहिराती येतात. माझ्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई आहेत. त्यांनी सांगितलं की औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे आणि ज्या रोगांवर औषधाची अशी जाहिरातच करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. भुकटी विकणारे म्हणतात, आमचं औषध नाही, अन्न आहे. मग २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पेपर चालवायला जाहिराती लागतात हे मला कळतं, मीही धंदा करते. पण वर डॉक्टरांचा लेख आणि खाली ही भुकटी असं एकाच पानावर असू नये. माझ्या एका गिऱ्हाइकाने अशी भुकटी दोन महिने घेतली, डबे महागाचे. तिचा ब्लाउज मी एकदा आत घेतला आणि एकदा उसवला, तिला ते दोन्ही खर्च पडले.

तेव्हा विनंती अशी. वजन उतरवण्याची कहाणी छापताना वजन उतरून किती काळ झाला तेही फोटोखाली छापावं, आणि वर्षाच्या आतली कहाणी छापूच नये. ज्यांच्या कहाण्या पाच वर्षांपूर्वी छापल्या त्यांच्याकडे पुन्हा जावं. ज्यांचं परत आलंय त्यांनाही बोलतं करावं, त्यांना लाजवू नये. त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. फोटोशेजारी कमरेचं मापही छापा. आणि दिवाळीच्या पाककृतींत 'तेल तळण्यासाठी' एवढं लिहून मोकळं होऊ नका. एवढ्या भाजणीच्या चकल्या किती नग होतात आणि कढईतलं तेल तळून झाल्यावर किती कमी भरतं, ते पाककृती देणाऱ्या बाईंना मोजायला सांगा. मोजलं तर कळतं.

माझं नाव छापू नये ही विनंती. निम्म्या नारायण पेठेची कंबर माझ्या वहीत आहे आणि सगळ्या जणी तुमचा पेपर घेतात.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
नारायण पेठ, पुणे